१४ रात्री, चार मुक्काम: युरोपची रेल्वे-सहल आखण्याची रीत

सहल आखायला बसलात की देश मोजू नका, रात्री मोजा. मे महिन्याच्या सुट्टीत दोन आठवडे काढू शकणाऱ्या कुटुंबाच्या हातात साधारण १४ रात्री असतात. त्यातल्या कोणत्या रात्री कुठे काढायच्या एवढं ठरलं की निम्मी आखणी झाली. बाकीचं वेळापत्रक आणि तिकिटं.

आधी हिशेब. १४ रात्री म्हणजे कॅलेंडरवरचे १५ दिवस. पहिला दिवस विमानातून उतरून इमिग्रेशन, सामान आणि झोप यांत अर्धा जातो, शेवटचा परतीच्या विमानाचा. उरले साडेतेरा. आता हॉटेल बदलायची किंमत धरा. सामान आवरायचं, दहा-अकराला खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, गाडी, नव्या गावात पत्ता शोधायचा, आणि खोली मिळणार दुपारी तीनला. गाडीचा प्रवास अडीच तासांचा असेल तर या सगळ्यात अर्धा दिवस जातो, पाच तास किंवा जास्त असेल तर अख्खा.

चार मुक्काम केले तर तीन बदल होतात आणि त्यात अडीच दिवस जातात. हाती राहतात ११ दिवस, म्हणजे एका शहराला पावणेतीन. सात मुक्काम केले तर सहा बदल, त्यात सरासरीने साडेचार दिवस गेले, आणि उरलेले नऊ सात शहरांत वाटले. शहराला जेमतेम सव्वा दिवस. पॅरिसला सव्वा दिवसात आयफेल टॉवरची रांग आणि बसमधून दिसलेलं पॅरिस, याहून फारसं काही होत नाही. म्हणून साधा नियम: एका जागी सलग तीन रात्रींहून कमी राहायचं नाही, आणि एकूण रात्रींना साडेतीनने भागून येईल तितकेच मुक्काम घ्यायचे.

मार्ग सरळ रेषेत हवा

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चांगला बसणारा एक मार्ग घेऊ: पॅरिस ४ रात्री, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न ४, ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग ३ आणि व्हिएन्ना ३. पश्चिमेकडून पूर्वेकडे, आलेल्या वाटेने परत जायचं नाही. विमानाचं तिकीट शोधताना 'राउंड ट्रिप' न निवडता 'मल्टी-सिटी' निवडा: मुंबईहून पॅरिस, व्हिएन्नाहून मुंबई. हे तिकीट बहुतेक वेळा राउंड ट्रिपच्या आसपासच पडतं. थोडं महाग पडलं तरी व्हिएन्ना-पॅरिस परतीचा एक दिवस आणि त्याचं भाडं वाचतं, हे विसरू नका.

यात इटली नाही, आणि घरातलं कोणीतरी ते विचारणारच. इटली हवी असेल तर ऑस्ट्रिया काढा. दोन्ही कोंबू नका. ल्युसर्नहून गॉटहार्डच्या ५७ किलोमीटर लांब बोगद्यातून मिलान साधारण साडेतीन तासांवर आहे, तिथून व्हेनिस आणखी अडीच. मग परतीचं विमान रोमहून घ्यायचं. ऑस्ट्रियाच्या शेवटी व्हेनिसच्या दोन रात्री चिकटवल्या तर मात्र त्या दोन रात्रींसाठी एक पूर्ण दिवस गाडीत जातो, आणि तो साल्झबर्गच्या वाट्याचा असतो.

देशांची संख्या वाढवायचीच असेल तर मुक्काम न हलवता वाढवा. व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ऑस्ट्रियन रेल्वेचं त्यासाठी खास परतीचं तिकीटही मिळतं. साल्झबर्गहून जर्मनीतलं बेर्श्टेसगाडेन बसने पाऊण-एक तासावर, म्युनिक रेल्वेने पावणेदोन तासांवर. एवढंच, की अशा दिवशी मूळ पासपोर्ट जवळ हवा. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, सीमा उघड्या असल्या तरी जर्मनीने २०२४च्या सप्टेंबरपासून आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि पोलिसांना झेरॉक्स चालत नाही.

व्हिसा कोणत्या देशाचा

इथे बरेच जण चुकतात. पॅरिसला उतरतो म्हणून फ्रान्सकडे अर्ज करतात. शेंगेनचा नियम असा आहे की ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघतात. वरच्या मार्गात फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ४ आणि ऑस्ट्रिया ३ + ३ = ६ रात्री आहेत, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. नुसत्या हिशेबापुरतं धरा, साल्झबर्गची एक रात्र काढून पॅरिसला आणि दुसरी ल्युसर्नला दिली की फ्रान्स आणि स्वित्झर्लंड प्रत्येकी ५, ऑस्ट्रिया ४, आणि मग अर्ज फ्रान्सकडे. म्हणून रात्री पक्क्या झाल्याशिवाय व्हिसाची वेळ घेऊ नका.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण नियमाने ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मेमध्ये निघायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज टाका, कारण मार्चनंतर सगळा महाराष्ट्र त्याच रांगेत असतो आणि वेळच मिळत नाही. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. अर्जात प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो, त्यामुळे हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या आणि स्वस्त, परत न होणारी रेल्वे तिकिटं व्हिसा हातात आल्यावर काढा. लवकर अर्ज करण्याचा खरा फायदा हाच आहे.

तिकीट की पास

युरोपात न राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो. इंटररेल हा तिथल्या रहिवाशांचा पास. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जाताना तो घेऊ नका. युरेलचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. त्यातला सर्वांत छोटा प्रकार महिन्याभरात प्रवासाचे कोणतेही ४ दिवस असा असतो. पुढे ५, ७, १० आणि १५ दिवसांचे. ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, एका मोठ्यामागे दोन.

आपल्या मार्गात लांबचे प्रवास तीनच आहेत. एवढ्यासाठी पास क्वचितच परवडतो. तपासायची रीत सोपी आहे. तिन्ही प्रवासांची दोन-तीन महिने आधीची भाडी त्या-त्या रेल्वेच्या संकेतस्थळावर पाहून बेरीज करा. समोर पासाची किंमत मांडा आणि त्यात आरक्षणाचे पैसे मिळवा, कारण फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेचारोसा आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांना पास असला तरी वेगळं आरक्षण लागतं. पासधारकांसाठीच्या जागाही मर्यादित असतात. गाडीत जागा असते, पण पासवाल्यांचा कोटा संपलेला असतो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही. तीन-चारच प्रवास असतील तर सुटी तिकिटं घ्या. सात-आठ असतील, किंवा सकाळी हवा बघून गाव ठरवायची सवय असेल, तर पास.

ल्युसर्नच्या चार दिवसांचा हिशेब वेगळा करा. ट्रॅव्हल कंपन्या सरसकट स्विस ट्रॅव्हल पास गळ्यात मारतात. तो देशभर हिंडणाऱ्यांना चांगला, पण त्यात टिटलिस आणि पिलाटुस या डोंगरांना निम्मे पैसे भरावे लागतात. एकाच जागी राहून आजूबाजूचे डोंगर आणि सरोवर करायचं असेल तर मध्य स्वित्झर्लंडचा टेल-पास बघा. तो उन्हाळी हंगामात मिळतो आणि त्यात आगगाड्या, बोटी आणि रिगी, पिलाटुस, टिटलिस हे डोंगरही येतात.

पहिला टप्पा: पॅरिस ते ल्युसर्न

पॅरिसला एक मध्यवर्ती स्टेशन नाही. दिशेप्रमाणे वेगवेगळी आहेत. स्वित्झर्लंडची टीजीव्ही लिरिया गार द लियोंवरून सुटते, स्ट्रासबुर्गची गाडी गार द लेस्तवरून, लंडनची गार द्यू नोरवरून. तिकिटावरचं स्टेशनचं नाव पूर्ण वाचा. दुसऱ्या स्टेशनवर गेलात तर बॅगांसकट मेट्रो बदलून पोचायला तास जातो. पॅरिसमधलं हॉटेल गार द लियोंजवळ किंवा मेट्रोच्या १ वा १४ नंबरच्या मार्गावर घेतलं तर निघायच्या सकाळी धावपळ होत नाही.

लिरिया बाझलला सुमारे तीन तासांत पोचते. तिथून ल्युसर्नची गाडी तासाभराची आणि वारंवार असते, त्यामुळे बाझल-ल्युसर्न तिकीट ठरावीक गाडीचं घेऊ नका. उशीर झाला तर पुढची पकडा. टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात आणि फलाट साधारण वीस मिनिटं आधी जाहीर होतो. गाडी कधी कधी दोन जोडलेल्या रेकची असते आणि मधून आरपार जाता येत नाही, म्हणून डबा क्रमांक बघून फलाटावर योग्य टोकाला आधीच उभे राहा.

फ्रान्समध्ये संपाची बातमी आली तर घाबरून सगळं रद्द करू नका. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कोणत्या गाड्या धावणार ते जाहीर होतं. तिकीट काढताना ईमेल आणि मोबाइल नंबर बरोबर दिलेला असला की निरोप तिथेच येतो. मेमध्ये संपापेक्षा जोडून येणाऱ्या सुट्ट्यांचा त्रास जास्त: १ मे, ८ मे, ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येणारा असेन्शनचा गुरुवार आणि ५० दिवसांनी येणारा व्हिट मंडे. गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडून अर्धं फ्रान्स बाहेर पडतं. त्या बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी पॅरिसमधून निघणं किंवा पॅरिसला पोचणं टाळा.

दिवसाला एकच वेळेचं तिकीट

मुक्काम कमी केले आणि मग प्रत्येक दिवशी तीन-तीन वेळेची तिकिटं ठोकली तर वाचवलेला वेळ पुन्हा गेलाच. वेळेचं बंधन असलेली गोष्ट दिवसाला एक. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. तेवढे दोन दिवस बघून पॅरिसचे चार दिवस मांडले की पुरे. जानेवारी २०२६पासून लूव्रचं तिकीट युरोपबाहेरच्यांना ३२ युरो झालं आहे, तेव्हा घरात चित्रांची आवड कोणालाच नसेल तर केवळ नाव मोठं म्हणून जाऊ नका. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी उघडतात आणि पटकन संपतात. उरलेलं सगळं चालत. मेच्या शेवटी पॅरिसला सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे दुपारी तीनला खोलीत पोचलात तरी सहा तास उजेड असतो.

ल्युसर्नला तर उलट करा: काहीच ठरवू नका. चार रात्रींत मधले तीन दिवस पूर्ण मोकळे मिळतात. डोंगर कोणत्या दिवशी, ते सकाळी सात वाजता शिखरावरचा थेट कॅमेरा बघून ठरवायचं. टिटलिसचं वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर आहे, आणि ढगात ते आणि आपला दुधाळ काचेचा दरवाजा यात फरक नसतो. एकच दिवस ठेवलेला असेल तर ढग असले तरी जावं लागतं. तीन दिवस असतील तर त्यातला एक तरी बहुधा लख्ख निघतो, आणि उरलेल्यांत सरोवरावरची बोट, गावातला लाकडी पूल, पाऊस असेल तर वाहतूक संग्रहालय. एंगेलबर्गला, म्हणजे टिटलिसच्या पायथ्याला, ल्युसर्नहून गाडी पाऊण तासात जाते. पिलाटुसची दात्यांची चढणगाडी १८८९ची, जगातली सर्वांत तीव्र चढणीची, ४८ टक्के. पण ती हिवाळ्यात बंद असते आणि मेच्या मध्याच्या आसपास सुरू होते. त्याआधी गेलात तर क्रीन्सकडून केबलने चढा.

दुसरा टप्पा: जो दिवस 'वाया' जात नाही

ल्युसर्न ते साल्झबर्ग हा सगळ्यांत लांब टप्पा, साडेसहा ते सात तास. झुरिकला गाडी बदलायची आणि तिथून ऑस्ट्रियाच्या रेलजेटने थेट साल्झबर्ग. झुरिकला वरचे फलाट आणि जमिनीखालचे ३१ ते ३४, ४१ ते ४४ असे फलाट आहेत. खालून वर यायला बॅगांसह सात-आठ मिनिटं लागतात, तेव्हा मध्ये किमान वीस मिनिटं ठेवा.

झुरिकहून निघताना डाव्या हाताच्या खिडक्या घ्या; झुरिकचं सरोवर आणि नंतर वालेनझे हे दुसरं सरोवर त्याच बाजूला आहे. बुक्स स्टेशनला गाडी दिशा बदलते, म्हणजे पुढे तोंड करून बसलेले मागे तोंड करून बसतात आणि बाजूही बदलते. चुकीच्या गाडीत बसलो की काय, अशी शंका इथे सगळ्यांना येते. उतरू नका. पुढे लिश्टेनस्टाइन हा अख्खा देश काही मिनिटांत मागे पडतो, मग आर्लबर्गचा घाट, इन्सब्रुक, आणि साल्झबर्गच्या आधी गाडी न थांबता जर्मनीतून जाते. देश मोजणाऱ्यांचं समाधान एका तिकिटात. या गाडीत आरक्षण सक्तीचं नाही, पण चौघांना एकत्र बसायचं असेल तर थोडे पैसे भरून जागा घ्याच. नाहीतर सीटवरची पट्टी वाचून, कुठून कुठपर्यंत राखीव आहे ते बघत डबाभर फिरावं लागतं.

'रात्रीच्या गाडीने जाऊ, हॉटेलचे पैसे वाचतील' असा विचार इथे येतो. झुरिकहून व्हिएन्नाला नाइटजेट जाते. पण मग वरचं सगळं अंधारात जातं, सकाळी आठला पोचून खोली तीनला मिळते, आणि झोपायच्या बर्थचं भाडं बऱ्याचदा स्वस्त हॉटेलच्या जवळ येतं. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर नकोच. साध्या सीटवर बसून रात्र काढायचा विचार तर कोणीच करू नये.

साल्झबर्गच्या दोन पूर्ण दिवसांत एक गावासाठी आणि एक बाहेरचा. बाहेरच्यासाठी व्हेर्फेनची बर्फाची गुहा बघा. मे ते ऑक्टोबर उघडी असते, गाडीने पाऊण तास. आत उन्हाळ्यातही तापमान शून्याच्या आसपास आणि शेकडो पायऱ्या, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी बेर्श्टेसगाडेनला जावं. हॉलस्टाट या सरोवराकाठच्या गावाला जाऊन-येऊन पाच तास लागतात. फोटो सुंदर येतात, पण दिवस गाडीत जातो.

साल्झबर्ग ते व्हिएन्ना अडीच तास. इथे दोन कंपन्या आहेत. सरकारी गाडी व्हिएन्ना हाउप्टबानहोफला जाते, वेस्टबान कंपनीच्या बऱ्याच गाड्या वेस्टबानहोफला. हॉटेल कुठे आहे त्यावरून गाडी निवडा, आणि एकीचं तिकीट घेऊन दुसरीत चढू नका.

उशीर झाला तर

वेळापत्रकासाठी फोनवर डीबी नॅव्हिगेटर हे अ‍ॅप ठेवा. जर्मन रेल्वेचं असूनही ते बहुतेक युरोपातल्या गाड्या दाखवतं. एका प्रवासाचं तिकीट शक्यतो एकाच व्यवहारात, सलग काढा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे सलग तिकिटावर उशिरामुळे पुढची गाडी चुकली तर रेल्वेला पर्याय द्यावा लागतो. ६० मिनिटांहून जास्त उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांनंतर ५० टक्के भरपाईही मागता येते. दोन सुटी तिकिटं असतील तर दुसऱ्या गाडीची जबाबदारी तुमची, म्हणून ठरावीक गाडीचं तिकीट असेल तिथे मध्ये तास तरी ठेवा. जर्मनीतून येणारी गाडी उशिरा येईल असं धरूनच चला.

बॅगा आणि खाऊ

विमानात २३ किलो चालतं म्हणून २३ किलो भरू नका. स्टेशनवर हमाल नाहीत, डब्याला दोन पायऱ्या असतात आणि जुन्या गावांतल्या दगडी रस्त्यांवर चाकं मोडतात. माणशी १२ ते १४ किलोची एकच बॅग, जी तिच्या मालकाला स्वतः डोक्याइतकी उचलता येईल. फ्रान्सच्या टीजीव्ही इनुई गाड्यांत माणशी ७० बाय ९० बाय ५० सेंटिमीटरच्या आतल्या दोन बॅगा आणि एक छोटी, एवढीच मुभा आहे. प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी हवी, नाहीतर दंड. कपडे सहा दिवसांचे पुरे. ल्युसर्न आणि व्हिएन्नाला धुलाईयंत्र असलेली स्वयंपाकघरवाली जागा घेतली की कपडे आणि जेवण दोन्ही प्रश्न सुटतात.

खाऊ नेताना एक नियम फार थोड्यांना माहीत असतो: युरोपीय संघात बाहेरून मांसाबरोबर दुधाचे पदार्थही नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या नाहीत. ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्यांना सूट आहे, आंब्याला नाही. नातेवाइकांसाठी हापूसची पेटी घेऊन निघालात तर ती पॅरिसच्या विमानतळावरच राहू शकते. तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, कोरडा उपमा-पोह्यांचा संच, मेतकूट, चटण्या न्या.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली किराणा दुकानं तेवढी उघडी असतात, पण गर्दी आणि भाव दोन्ही चढे. शनिवारी दुपारीच दूध, पाव, भाजी आणून ठेवा.